स्टील पल्स ऐकायला जाण्याआधी

रेगे म्हटलं की आपल्याकडे बॉब मार्ली आठवतो आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये संध्याकाळी वाजणारी ती संथ, सुखावणारी लय. स्टील पल्सच्या कार्यक्रमाला तेवढ्याच अपेक्षेनं गेलात तर अर्धाच बँड ऐकून परत याल. हा बँड जमैकातला नाही. तो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा आहे. नारळाची झाडं त्याच्या आठवणीत असलीच तर आईवडिलांच्या बोलण्यातून आलेली. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांसमोर होत्या विटांच्या चाळवजा घरांच्या रांगा, कारखाने आणि कोपऱ्यावर उभे पोलीस.

बँडचा जन्म झाला तो भाग हँड्सवर्थ. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कामगार हवे होते. जून १९४८ मध्ये ‘एम्पायर विंड्रश’ जहाज कॅरिबियन बेटांवरची माणसं घेऊन टिलबरी बंदराला लागलं, आणि पुढची दोन दशकं हा ओघ चालू राहिला. बर्मिंगहॅमच्या आसपास ही माणसं ओतशाळांमध्ये, बसवर आणि इस्पितळांत कामाला लागली. त्याच वस्त्यांमध्ये पंजाबातून आलेली कुटुंबंही राहत होती. कामाला माणसं हवी होती, शेजाराला नको होती. हँड्सवर्थला लागून असलेल्या स्मेथिकमध्ये १९६४ ची निवडणूक उघड वर्णद्वेषी प्रचारावर लढली गेली, जिंकलीही गेली. तिथल्या काही पबमध्ये गोऱ्यांखेरीज इतरांना आत घेत नसत. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकेतल्या काळ्यांचे नेते माल्कम एक्स स्मेथिकला येऊन गेले ते ‘इंडियन वर्कर्स असोसिएशन’च्या बोलावण्यावरून, आणि त्यानंतर नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये त्यांची हत्या झाली. २० एप्रिल १९६८ रोजी खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्धचं आपलं कुप्रसिद्ध भाषण केलं, तेही बर्मिंगहॅममध्येच.

या वातावरणात वाढलेली पिढी आईवडिलांसारखी मान खाली घालून जगायला तयार नव्हती. तिला रस्त्यात गाठायला पोलिसांच्या हाती १८२४ चा भिक्षेकरी कायदा होता. नुसत्या संशयावरून कुणालाही उचलता येई, आणि उचलली जात ती बहुतेक काळी पोरं. १९८१ मध्ये ते कलम रद्द होईपर्यंत हे चाललं.

डेव्हिड हाइंड्स आणि बेसिल गॅबिडन हे शाळासोबती. १९७३ चा वेलर्सचा, म्हणजे मार्लीच्या बँडचा, ‘कॅच अ फायर’ हा अल्बम ऐकून त्यांना आपणही हेच करावं असं वाटलं. १९७५ मध्ये बँड उभा राहिला: हाइंड्स गायला आणि गिटारला, गॅबिडन गिटारला, रॉनी मॅक्वीन बास गिटारवर, सेल्विन ब्राउन कीबोर्डवर. पुढे ड्रमवर स्टीव्ह निस्बेट आले. नाव घेतलं एका शर्यतीच्या घोड्याचं. वाजवायला जागा मिळणं मात्र कठीण होतं, आणि याची गंमत नव्हे तर खंत वाटावी असं कारण म्हणजे नकार घरातूनच आला. ही मुलं रास्ताफारी, म्हणजे जटा राखणाऱ्या आणि आफ्रिकेला आपलं मूळ मानणाऱ्या जमैकन पंथाच्या, विचारांची होती, आणि कॅरिबियन मंडळींच्या क्लबांनाच तो पंथ नकोसा होता. या बँडला मंच दिला तो पंक, म्हणजे बंडखोर, कर्कश रॉक वाजवणाऱ्या गोऱ्या पोरांनी. केसांना रंग लावलेले, फाटक्या कपड्यांतले श्रोते आणि समोर जटाधारी रेगे बँड, असे कार्यक्रम लंडनच्या पंक क्लबांत होऊ लागले.

पंक आणि रेगेच्या या जोडीला राजकीय बळ मिळालं ते ऑगस्ट १९७६ नंतर. इंग्लंडचे नामवंत रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी बर्मिंगहॅमच्याच एका कार्यक्रमात मंचावरून पॉवेल यांची बाजू घेतली. ज्याचा सगळा गळा आणि हात काळ्या माणसांच्या ब्लूजवर घडला, मार्लीच्या गाण्यानं ज्याला अमेरिकेत अव्वल क्रमांक मिळवून दिला, त्यानं हे बोलावं याचा संताप होऊन ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही वर्णद्वेषविरोधी चळवळ उभी राहिली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रफाल्गर चौकातून निघालेला मोर्चा लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात पोहोचला. द क्लॅश आणि टॉम रॉबिन्सन बँड यांच्याबरोबर त्या मंचावर स्टील पल्सही होता. समोर ऐंशी हजारांच्या वर माणसं होती.

त्याच वर्षी ‘कू क्लक्स क्लॅन’ हे गाणं आलं. अमेरिकेतल्या त्या वर्णद्वेषी गोऱ्या टोळीचं नाव घेऊन गाणं खरं तर ब्रिटनमधल्या ‘नॅशनल फ्रंट’ या अतिउजव्या पक्षाकडे बोट दाखवत होतं. गाताना बँडमधलेच लोक डोक्यावर त्या टोळीचे पांढरे टोकदार बुरखे चढवत. गाण्याबरोबर हे दृश्य समोर आलं की प्रेक्षकाला तटस्थ राहायला जागाच उरत नसे. पाठोपाठ पहिला अल्बम निघाला, ‘हँड्सवर्थ रेव्होल्यूशन’. निर्माते कार्ल पिटरसन यांनी त्याआधी मार्लीच्या ‘एक्सोडस’चं ध्वनिमुद्रण केलं होतं. हा अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या दहांत गेला आणि बँडला मार्लीसोबत युरोपचा दौरा मिळाला. माझ्या मते यांचं सर्वोत्तम काम आजही हेच. कार्यक्रमाआधी एकच अल्बम ऐकायला वेळ असेल तर हा ऐका.

ऐकताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. आपल्या कानाला सवय समेची. सगळा डोलारा फिरून तिथं येतो, मान तिथं हलते. रेगेच्या ‘वन ड्रॉप’ ठेक्यात पहिली मात्रा ड्रमर मोकळीच सोडतो आणि घाव पडतो तिसरीवर. गिटार मात्रांच्या मधल्या जागी तुटक वाजते, आणि चाल पुढे नेण्याचं काम बास करतो. स्टील पल्सनं या सांगाड्यात जॅझकडून आलेले स्वरमेळ आणि गटानं गायलेल्या आवाजांची दाट वीण घातली. जमैकन रेगेच्या मानानं त्यांचं संगीत अधिक बांधीव वाटतं ते त्यामुळे.

पुढचा प्रवास थोडक्यात. १९७९ च्या अल्बममध्ये पोलीस कोठडीतल्या मारहाणीनंतर मरण पावलेल्या दक्षिण आफ्रिकेच्या स्टीव्ह बिको यांच्यावरचं गाणं आहे. १९८२ चा ‘ट्रू डेमॉक्रसी’ डेन्मार्कमध्ये ध्वनिमुद्रित झाला, आणि अमेरिकेतला श्रोता त्यानंतर जोडला गेला. ‘बॅबिलॉन द बँडिट’ या अल्बमला १९८७ मध्ये ग्रॅमी हा अमेरिकेतला मानाचा संगीत पुरस्कार मिळाला. जमैकाबाहेरच्या बँडला रेगेचं ग्रॅमी मिळण्याची ती पहिलीच वेळ. तो अल्बम मला त्यांच्या चांगल्या कामांत धरवत नाही, सिंथेसायझरनं त्याची धार बोथट केली आहे. पण माणसं बोथट झाली नव्हती. १९९२ मध्ये न्यूयॉर्कचे टॅक्सीवाले काळ्या आणि जटाधारी प्रवाशांना घेत नाहीत म्हणून बँडनं तिथल्या टॅक्सी आयोगावर दावा ठोकला. पुढच्याच वर्षी हीच मंडळी बिल क्लिंटन यांच्या शपथविधीनिमित्तच्या समारंभात वाजवत होती.

हँड्सवर्थलाही त्यांनी मागे वारस दिले. नव्वदच्या दशकात भांगडा आणि रेगे एकत्र करून गाजलेला अपाची इंडियन त्याच भागातला पंजाबी मुलगा. बँडच्या सुरुवातीच्या गायकांपैकी मायकेल रायली पुढे लंडनमध्ये विद्यापीठात काळ्या ब्रिटिश संगीताच्या संशोधनाकडे वळले.

आज मंचावर दिसणाऱ्यांत जुन्या काळापासूनचे दोघं, हाइंड्स आणि सेल्विन ब्राउन. बाकीचे वादक त्यांच्याहून बरेच तरुण आहेत. २०१९ चा ‘मास मॅनिप्युलेशन’ हा अल्बम आधीच्यानंतर तब्बल पंधरा वर्षांनी आला आणि त्यालाही ग्रॅमीचं नामांकन मिळालं. २०१२ मध्ये फ्लोरिडात मारल्या गेलेल्या ट्रेव्हॉन मार्टिन या कोवळ्या काळ्या मुलासाठीही त्यांनी गाणं केलं आहे.