कापड आधी धुवावे, मग कापावे : घरी हाताने शिवणाऱ्या ग्राहकांसाठी

दिवाणाच्या गादीला नवे कव्हर किंवा जुन्या सागवानी खुर्च्यांना नव्या बैठका करण्यासाठी आमच्याकडून सुती कापड नेणाऱ्या ग्राहकांची एक तक्रार वरचेवर येते, ती म्हणजे पहिल्याच धुण्यानंतर कव्हर गादीवर चढत नाही. अशी कव्हरे आम्ही उलटीसुलटी करून पाहतो, तेव्हा माप बरोबर असते, टाके नीट असतात आणि कापडातही दोष नसतो. कापड न धुताच कापलेले असते, एवढेच काय ते चुकलेले असते.

मागावर कापड विणताना उभे धागे ताणून धरलेले असतात आणि ते तुटू नयेत म्हणून त्यांना खळ दिलेली असते. कापड पाण्यात पडले की खळ निघते, सूत फुगते आणि ताण सुटून कापड आटते. उभ्या धाग्यांवर ताण अधिक असल्यामुळे ते लांबीत जास्त आणि पन्ह्यात, म्हणजे रुंदीत, कमी आटते. लांबीत शेकडा पाच आटणारे सुती कापड मुळीच दुर्मीळ नाही. उशीच्या अभ्र्यात हा फरक एखादेवेळी खपून जातो, परंतु 72 इंचांच्या दिवाणाला तो साडेतीन इंचांहून अधिक भरतो, आणि कित्येक संध्याकाळी खपून हाताने घातलेली टीप उसवण्यावाचून मार्ग राहत नाही.

म्हणून कापड घरी नेल्यावर त्याची कापलेली दोन्ही टोके धागे सुटू नयेत यासाठी कच्च्या टाक्याने दुमडून घ्यावीत आणि पुढे कव्हर ज्या रीतीने धुणार आहात त्याच रीतीने कापड धुवावे. कव्हर मशीनमध्ये गरम पाण्यात जाणार असेल तर आता नुसते गार पाण्यात बुचकळून उपयोग होत नाही. ते सावलीत वाळवावे आणि किंचित दमट असताना न ओढता इस्त्री करावी, कारण इस्त्रीखाली ताणलेले कापड पुढच्या धुण्यात पुन्हा आटते. गडद रंगाचे कापड वेगळे धुवावे. मीठ घातल्याने रंग कायमचा पक्का होतो हा समज आम्ही रोज ऐकतो. रंगवून आलेल्या कापडाचा रंग तसा पक्का होत नाही.

आतले सामानही विसरू नये. अस्तराचे मांजरपाट आणि पायपिंगमधली, म्हणजे कडेच्या गोल गोटातली, सुती दोरी याही आटतात. वरचे कापड धुतलेले आणि दोरी कोरी असेल, तर कडा चुण्या पडून वर ओढल्या जातात आणि तो दोष इस्त्रीने जात नाही.

आम्ही मापापेक्षा जास्त कापड घ्यायला सांगतो, ते विक्री वाढवण्यासाठी, असे काहींना वाटते. हिशेब असा आहे: 72 इंचांच्या कव्हरला दोन्ही बाजूंची एकेक इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेले जादा कापड, धरून 74 इंच लागतात, आणि शेकडा पाच आटणारे कापड धुतल्यावर 74 इंच उरण्यासाठी ते आधी 78 इंच असावे लागते. नंतर कमी पडलेले कापड आणायला आलात, तर तोपर्यंत तो तागा संपलेला असतो आणि नव्या ताग्याचा रंग तंतोतंत जुळेलच असे नाही. फाडून दिलेले कापड आम्ही परत घेत नाही, त्यामुळे हे बोलणे आधीच व्हावे अशी आमची इच्छा असते. शंका असल्यास चाचणीसाठी लहान तुकडा मागावा, तो आम्ही विनामूल्य देतो. त्यावर 10 इंचांचा चौकोन आखून धुवावा आणि उभ्या-आडव्या दोन्ही बाजू पुन्हा मोजाव्यात.

आम्ही स्वतःच सर्व कापड धुऊन का विकत नाही, हाही प्रश्न रास्त आहे. खुर्चीच्या लाकडी फळीवर ताणून ठोकायचे कापड पुढे धुतले जात नाही, आणि खळ असलेले कोरे कापड तिथे कापायला व बसवायला सोपे जाते; अशा ग्राहकांवर धुलाईचा भार टाकणे आम्हाला योग्य वाटत नाही. मात्र त्याच कापडाच्या उशाही करणार असाल, तर सगळेच धुऊन घ्यावे, नाहीतर बैठक आणि उशी यांच्या रंगात फरक दिसतो. लाकडाला काचकागद मारणे आणि पॉलिश करणे हे काम बैठक काढून आधी उरकावे आणि पॉलिश पूर्ण वाळल्यावरच बैठक बसवावी.

शिवताना धावदोरा फक्त जुळणीसाठी वापरावा. ज्या शिवणीवर माणूस बसणार ती दुहेरी, मेण लावलेल्या दोऱ्याने, उलट्या टिपेने, म्हणजे प्रत्येक टाका थोडा मागून घेत, घालावी आणि कोपऱ्यांवर ती दोनदा फिरवावी. असा दोरा, मेण आणि जाड सुया आमच्याकडे मिळतात. आगाऊ सांगितल्यास कापड धुऊन, इस्त्री करून देण्याची सोयही आम्ही अल्प मोबदल्यात करतो. येताना खुर्चीचा फोटो आणण्यापेक्षा खालचे स्क्रू काढून बैठकीची फळीच आणावी. त्यावरून कापड आणि फोम दोन्हींचे माप आम्ही तिथेच घेऊन देऊ.