पहिला एक एमबी कर्नल का सोडून देतो?

आठ जीबी रॅमचा लॅपटॉप घेतला आणि पडद्यावर साडेसातच्या आसपास आकडा दिसला, की ‘उरलेली कुणी खाल्ली?’ हा प्रश्न ठरलेला. ‘लपलेली रॅम मोकळी करा’ म्हणणारी ॲप्सही मग हजर होतात. त्यांचा उपयोग ताप उतरवायला ताईत बांधण्याइतकाच. ही जागा फर्मवेअरने (मशीन सुरू करणारं, मदरबोर्डवरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर), ग्राफिक्सने आणि कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) सुरुवातीलाच अडवलेली असते. ॲपच्या हाताला ती लागतच नाही.

त्यातला मोठा वाटा अगदी रुक्ष आहे. लिनक्सचा कर्नल रॅमचे ४ केबीचे तुकडे पाडतो आणि प्रत्येक तुकड्यामागे साधारण ६४ बाइटची नोंद ठेवतो. आठ जीबीसाठी नुसत्या या नोंदींतच १२८ एमबी जातात. खरी गंमत आहे ती तळाच्या १ एमबीत.

१९७८च्या ८०८६ प्रोसेसरचे पत्ते २० बिटांचे, म्हणजे त्याला १ एमबीपलीकडचं काही दिसतच नसे. १९८१च्या आयबीएम पीसीत त्यातले खालचे ६४० केबी प्रोग्रॅमना आणि वरचा भाग डिस्प्ले व बायोसला (पीसीच्या फर्मवेअरला) दिला गेला. शून्य पत्त्यापासूनचा पहिला १ केबी इंटरप्टच्या, म्हणजे प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणाऱ्या हाकांच्या, तक्त्याचा: २५६ नोंदी, प्रत्येकी ४ बाइट. त्याला लागून बायोसची स्वतःची टिपणं. आजचे इंटेल-एएमडीचे प्रोसेसरही वीज आल्यावर ८०८६च्या याच जुन्या, १६ बिटांच्या पद्धतीत, म्हणजे ‘रिअल मोड’मध्ये जागे होतात.

बूट होताना कर्नलला फर्मवेअरकडून रॅमचा नकाशा मिळतो. कुठली जागा वापरायची, कुठली नाही, हे त्यात असतं. पण नकाशावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. पहिले ४ केबी बायोस स्वतः वापरतो, तरी बहुतेकदा ते राखीव म्हणून दाखवत नाही. काही बायोस तर लॅपटॉप झोपेतून उठताना किंवा मॉनिटरची केबल खोचताना पहिल्या ६४ केबीत परस्पर काहीतरी लिहून टाकतात. तिथे कर्नलचा डेटा असला तर तो बिघडतो आणि मशीन भलत्याच वेळी, भलत्याच ठिकाणी कोसळतं. लिनक्समध्ये दर ६० सेकंदांनी ही जागा तपासून पाहण्याची सोयसुद्धा आहे! आधी ६४ केबी अडवून भागवलं जायचं, २०२१च्या ५.१३ आवृत्तीपासून सरसकट पूर्ण १ एमबी अडवला जातो.

अडवायचं म्हणजे नोंद करायची, आणि नोंदीला रॅम हवी. रॅम वाटणारी यंत्रणा तर अजून उभीच नाही. म्हणून ‘मेमब्लॉक’ नावाचा तात्पुरता हिशेबनीस कर्नलच्या पोटातच १२८ रकान्यांचा तक्ता घेऊन येतो. त्यात कर्नल स्वतःची जागा नोंदवतो, तळाचे ६४ केबी नोंदवतो आणि मगच पुढे सरकतो.

पण मग १ एमबी एका फटक्यात का नाही अडवायचा? कारण त्यातली थोडी जागा कर्नललाच हवी असते. बूट होताना प्रोसेसरमधल्या अनेक कोअरपैकी (स्वतंत्रपणे कोड चालवणाऱ्या भागांपैकी) एकच जागा असतो. बाकीच्यांना तो ‘सिपी’ (SIPI) हा ‘चालू व्हा’ असा संदेश पाठवतो आणि कोड कुठून चालवायचा ते सांगायला त्यात फक्त एक बाइट असतो. एका बाइटचे २५६ आकडे, प्रत्येक आकडा म्हणजे ४ केबीचं एक पान. गुणाकार करा, बरोबर १ एमबी येतो. या मर्यादेपलीकडे ठेवलेला कोड उठणाऱ्या कोअरला सापडणारच नाही. म्हणून कर्नल आधी १ एमबीच्या आत ‘ट्रॅम्पोलिन’ नावाच्या छोट्या कोडची जागा धरतो आणि मग उरलेल्या सगळ्याला कुलूप लावतो. कोअर या ट्रॅम्पोलिनवर १६ बिटांत उतरतो, ३२ बिटांत जातो, तिथून ६४ बिटांत, आणि मग कर्नलच्या मुख्य कोडमध्ये उडी घेतो.

बूट झाल्यावरही हा कोड पुसून चालत नाही. रॅम तेवढी चालू ठेवून बाकी यंत्र झोपवलं, की उठताना प्रोसेसर पुन्हा रिअल मोडमध्येच असतो. त्याला उठवणारा कोडही याच पट्ट्यात असतो.