औषधाला चुकवून थांबलेल्या पेशी

स्कॉटलंडमध्ये एकाच दात्याची दोन मूत्रपिंडं दोन रुग्णांना बसवली गेली. पुढे त्या दोघांनाही मेलॅनोमा, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींचा कर्करोग झाला. तो आला कुठून? दात्याला हा रोग झाला होता खरा, पण 16 वर्षांपूर्वी, आणि तो बरा झाला असंच सगळे धरून चालले होते. 2003 साली ही नोंद प्रसिद्ध झाली. इतकी वर्षं त्या पेशी गुपचूप बसून होत्या. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारं शरीर मिळालं आणि त्या वाढू लागल्या.

केमोथेरपीची बरीचशी औषधं पेशीला विभाजनाच्या वेळी गाठतात. एखादं डीएनएची नक्कल बिघडवतं, एखादं गुणसूत्रं ओढून वेगळी करणारे धागे जखडून टाकतं. केस गळतात तेही त्यामुळेच, कारण केसांच्या मुळाशी सतत विभाजन चालू असतं. पण पेशी विभाजनाच्या चक्रातून बाहेर पडून ‘जी-झिरो’ अवस्थेत थांबली, तर औषधाचा नेम चुकतो. हिला ‘सुप्त’ म्हणायचं ते सोयीपुरतं. ती ऊर्जा वापरत असते, आजूबाजूचे संकेतही टिपत असते. एकीच्या दोन मात्र होत नाही.

औषध लागू पडेनासं झालं की जनुकात बदल झाला असणार, असं आपण सहज म्हणून टाकतो. 2010 मधल्या एका प्रयोगाने या समजाला धक्का दिला. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींवर तीव्र मात्रेत औषध टाकलं, तेव्हा जेमतेम 0.3 टक्के पेशी तगल्या. औषध काढून घेतल्यावर त्या पुन्हा वाढल्या, आणि काही पिढ्यांनंतर त्यांची प्रजा त्याच औषधाने पूर्वीसारखीच मरू लागली! म्हणजे बदल कायमचा नव्हता. डीएनए गुंडाळून ठेवण्याची पद्धत तेवढी तात्पुरती पालटली होती.

ही युक्ती पेशींनी नव्याने शोधलेली नाही. आधीच्या पिल्लांना दूध पाजणाऱ्या उंदरीच्या पोटातला नवा गर्भ काही दिवस वाढ थांबवून वाट पाहतो. टोरांटोच्या संशोधकांना 2021 मध्ये आतड्याच्या कर्करोगाच्या पेशी केमोथेरपीखाली जवळपास तशाच अवस्थेत गेलेल्या आढळल्या. वाढीचा हुकूम देणारी एमटॉर ही यंत्रणा मंदावलेली, आणि स्वतःचेच जुने भाग पचवून गुजराण चाललेली.

स्तनाच्या काही कर्करोगांत रोग वीस वर्षांनीही उलटतो, तो अशाच पेशींमुळे असं मानलं जातं. त्यांना जागं करून मारावं, तर जाग आलेली एखादी निसटण्याची भीती. मग झोपेतच गाठायचं. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, उपचार पूर्ण केलेल्या 51 स्तनकर्करोग रुग्णांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा एव्हरोलिमस, किंवा दोन्ही देण्यात आली. पहिलं ते स्वतःला पचवणं रोखतं, दुसरं एमटॉरला दाबतं. बहुतेकांच्या अस्थिमज्जेत दडलेल्या पेशी नंतर सापडल्या नाहीत. त्यामुळे रोग परतणं खरोखर टळतं का, हे मोठ्या चाचण्या आणि बरीच वर्षं गेल्याशिवाय ठरणार नाही.