तारेचे तुकडे: संगणकावर अँटेना तोलण्यामागचा इतिहास

दोन अँटेनांपैकी चांगला कोणता, हे ठरवणं पूर्वी फार जिकिरीचं होतं. जमीन ओली की कोरडी, खांब किती उंच, शेजारी पत्र्याचं छप्पर आहे का, यावर मोजमाप बदलायचं. जपानमधल्या सेंदाईत समांतर दांड्यांचा यागी-उडा अँटेना १९२६ साली पुढे आला. त्याच्या दांड्यांची लांबी आणि अंतरं किती असावीत, याचा पीटर व्हिएझबिके यांचा गाजलेला अहवाल अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सने काढला तो थेट १९७६ साली. तोही ४०० मेगाहर्ट्झवर प्रत्यक्ष अँटेना उभारून, मोजून केलेला.

गणित मात्र जुनंच होतं. तारेतल्या प्रवाहाचं समीकरण पॉकलिंग्टन यांनी १८९७ साली मांडलं, हॅलेन यांनी १९३८ साली वेगळ्या रूपात. अडचण ते सोडवण्याची होती. रॉजर हॅरिंग्टन यांच्या १९६८ च्या ग्रंथाने ‘मेथड ऑफ मोमेंट्स’ची वाट रुळवली. तारेचे छोटे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याचा बाकी सगळ्यांवर होणारा परिणाम मांडायचा. शंभर तुकडे म्हणजे शंभर समीकरणं आणि दहा हजार परस्परसंबंध. हे काम संगणकाचंच.

त्यातूनच लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत बर्क आणि पोजिओ यांनी अमेरिकी नौदलासाठी १९८१ साली एनईसी-२ हे अँटेनाचं गणित सोडवणारं सॉफ्टवेअर पूर्ण केलं. भाषा फोरट्रान, माहिती पंचकार्डांच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांच्या, साच्यात. त्यातल्या ओळीला आजही ‘कार्ड’च म्हणतात. उदाहरणार्थ: ‘जीडब्ल्यू १ २१ ० -५ १० ० ५ १० ०.००१’. म्हणजे पहिली तार, तिचे २१ तुकडे, दोन टोकांचे निर्देशांक आणि एक मिलिमीटर त्रिज्या. जमिनीपासून दहा मीटर उंचीवर आडवी ताणलेली दहा मीटरची तार, म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या आसपासचा साधा डायपोल (मधोमध सिग्नल दिलेली सरळ तार), एवढ्या एका ओळीत मावतो. तुकडे विषम का? बरोबर मधल्या, अकराव्या तुकड्यावर सिग्नल देता यावा म्हणून.

हौशी रेडिओवाल्यांच्या दृष्टीने मला १९८२ हे साल जास्त मोलाचं वाटतं. सॅन दिएगोच्या नौदल केंद्रातून मिनिनेक आलं, बेसिक भाषेतलं, घरच्या संगणकावर चालणारं. पण त्यात एक मेख होती. तारेतला प्रवाह काढताना ते जमीन परिपूर्ण वाहक धरायचं. त्यामुळे तरंगलांबीच्या मानाने कमी उंचीवरच्या आडव्या तारेचा गेन, म्हणजे एका दिशेला सिग्नल किती जोरात जातो याचं माप, फुगून दिसायचा. ७ मेगाहर्ट्झला तरंगलांबी जवळपास ४३ मीटर, आणि तार मात्र गच्चीवर पाच-सहा मीटरवर ताणलेली. नेमका हौशी माणसाचा अँटेनाच या सापळ्यात सापडे. एनईसी-२ चं दुखणं वेगळं होतं: जाड नळीत बारीक नळी सरकवून केलेल्या दांड्यांवर त्याचं उत्तर चुकायचं. त्यावर डेव्हिड लीसन यांची दुरुस्ती वापरात आली. तुलना करताना दोन्ही अँटेनांना एकच प्रोग्रॅम, एकच उंची आणि एकच जमीन देणं का गरजेचं आहे, हे यावरून कळतं. गेनचे आकडे डीबीआयमध्ये (सगळीकडे सारखा सिग्नल पसरणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत) आहेत की डीबीडीमध्ये (डायपोलच्या तुलनेत), हेही बघावंच लागतं. दोहोंत २.१५ डेसिबलचा फरक आहे आणि तो विसरला की साधा अँटेनाही उगाच भारी वाटतो.

पुढे रॉय लेवॅलन यांच्या ईझेडनेकने हे सारं खिडक्या-चित्रांत आणलं. २०२२ पासून ते मोफत आहे.

नासाच्या एसटी-५ मोहिमेचे तीन छोटे उपग्रह मार्च २००६ मध्ये उडाले. त्यांच्यावर वाकड्यातिकड्या तारेचा जो अँटेना होता, तो उत्क्रांतीच्या धर्तीवर चालणाऱ्या प्रोग्रॅमने असंख्य आकार एनईसीवर तोलून शोधला होता. तो बनवल्यावर मात्र प्रयोगशाळेत मोजून बघितला गेलाच.