गोल्फचा चेंडू पांढराच का, आणि रंगीत कधीपासून

गोल्फच्या नियमांत चेंडूच्या रंगाबद्दल कुठलीही अट नाही. वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको, चेंडू सगळ्या बाजूंनी सारखा उडायला हवा, वेग आणि अंतर ठरलेल्या मर्यादेत हवं. रंग मात्र तुमच्या मर्जीचा. तरीही पिढ्यानपिढ्या पांढरा चेंडू म्हणजेच खरा चेंडू असं मानलं गेलं आणि रंगीत चेंडू घेऊन येणाऱ्याला नवशिका ठरवलं गेलं. या समजुतीमागे खेळापेक्षा कारखान्यातल्या अडचणी जास्त आहेत. आज स्वस्तातला, पण लांबून दिसणारा चेंडू निवडतानाही याच अडचणींचा इतिहास कामी येतो.

पांढरा हा चेंडूचा मूळ रंग कधीच नव्हता. स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पिसांचा चेंडू चालत असे. ओल्या चामड्याच्या शिवलेल्या पिशवीत उकडलेली पिसं ठासून भरायची. सुकताना चामडं आकसतं, पिसं फुगतात आणि दोन्ही एकमेकांवर दाबून चेंडू टणक होतो. त्यावर पांढऱ्या रंगाचे हात दिले जात. रंगाचं एक काम चेंडू गवतात दिसावा हे, आणि दुसरं, तितकंच महत्त्वाचं, शिवणीतून पाणी आत जाऊ नये हे. चांगला कारागीर दिवसाला तीन-चार चेंडूच बनवू शके, त्यामुळे चेंडू महाग होता आणि हरवला की खिशाला चटका बसे.

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. मलाया भागातल्या झाडाचा हा चीक गरम पाण्यात मऊ होतो आणि थंड झाला की घट्ट. चेंडू एकदम स्वस्त झाला, खेळणारे वाढले. पण गटापर्चाचा अंगचा रंग काळपट तपकिरी. तसाच टाकला तर चेंडू झुडपाखाली मातीत मिसळून जातो, म्हणून तोही पांढरा रंगवावा लागे. लोखंडी क्लबचा फटका बसला की रंगाचे टवके उडत आणि खालचा काळेपणा उघडा पडे. पुन्हा रंगवणं हे नित्याचंच काम होतं.

रंगवायचंच असेल तर पांढराच कशाला? बर्फ पडला की हा प्रश्न आपोआप सुटे. हिवाळी खेळासाठी लाल रंगवलेले गटापर्चाचे चेंडू त्या काळीही होते. १८९० च्या दशकात अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये राहणारा रुडयार्ड किपलिंग बर्फावर गोल्फ खेळण्यासाठी चेंडू लाल रंगवून घेई. त्याच्यामुळे ही युक्ती प्रसिद्ध झाली आणि रंगीत चेंडूचा जनक म्हणून त्याचं नाव आजही घेतलं जातं. मान जरा जास्तच दिला जातो, कारण बर्फात पांढरा चेंडू हरवतो हे कळायला लेखक असावं लागत नाही.

१८९८ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन इथे कोबर्न हॅस्केल आणि बर्ट्रम वर्क यांनी रबराचा दोरा ताणून गुंडाळलेला चेंडू तयार केला. १९०२ ची ब्रिटिश ओपन स्पर्धा सँडी हर्डने याच प्रकारच्या चेंडूने जिंकली आणि गटापर्चाचे दिवस संपले. या नव्या चेंडूवर पुढे बलाटाचं, म्हणजे झाडाच्या रबरासारख्या चिकाचं, कवच रूढ झालं. बलाटा मऊ असतो. वेजच्या, म्हणजे चेंडू उंच उडवणाऱ्या तिरक्या क्लबच्या, कडेचा नीट न बसलेला एक फटका आणि कवचावर हसऱ्या तोंडासारखी चीर पडायची. असल्या कवचावर बाहेरून दिलेला गडद रंग टिकणं अवघडच. पांढऱ्या चेंडूचा टवका गेला तर खालचं फिकट बलाटा फारसं नजरेत येत नाही. नारिंगी चेंडूचा गेला तर चेंडू कोडासारखा ठिपकेदार दिसतो. पांढऱ्याचं राज्य इतकी वर्षं टिकण्यामागे परंपरेइतकाच हा टवक्यांचा हिशेब आहे.

चित्र पालटलं ते १९६० च्या दशकात. ड्यूपाँटचं सर्लिन हे आयोनोमर जातीचं प्लास्टिक चेंडूच्या कवचासाठी वापरात आलं. ते चिवट होतं, सहजी कापलं जात नव्हतं, आणि मुख्य म्हणजे साच्यात ओतण्याआधीच त्यात रंगद्रव्य मिसळता येत होतं. रंग आता चेंडूच्या अंगावर न राहता कवचाच्या जाडीत आरपार गेला. खरचटलं तरी खाली तोच रंग. सोबत रबराचा एकसंध गाभा आणि वर सर्लिन अशी दोन थरांची रचना आली. तिला दोरा गुंडाळावा लागत नसल्याने ती बनवायला सोपी आणि स्वस्त पडली. स्वस्त, टिकाऊ आणि रंगीत हे तीन गुण एका चेंडूत आले ते या टप्प्यावर.

रंगाची बाजू दुसरीकडे तयार होत होती. अमेरिकेतल्या स्वित्झर बंधूंनी १९३० च्या दशकापासून फ्लुओरेसंट रंगांवर काम केलं, त्यातून डे-ग्लो रंग आले. साधा पिवळा रंग त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला पिवळा भाग तेवढा परत फेकतो. फ्लुओरेसंट पिवळा त्याखेरीज अतिनील आणि निळा प्रकाशही शोषतो आणि तोही पिवळा-हिरवा करून बाहेर टाकतो. म्हणून तो भोवतालच्या वस्तूंपेक्षा उजळ, जणू आतून पेटल्यासारखा दिसतो. ढगाळ दिवशीही ही चमक राहते, कारण अतिनील आणि निळा प्रकाश ढगांतूनही येत असतो.

१९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने पिवळ्या चेंडूला मान्यता दिली. टीव्हीच्या पडद्यावर तो प्रेक्षकांना नीट दिसतो, हे त्यामागचं कारण. गोल्फला आणखी दहा वर्षं लागली. १९८२ च्या सुरुवातीला वेन लेव्हीने हवाईयन ओपन नारिंगी चेंडूने जिंकली. त्याच वर्षी मार्चमध्ये जेरी पेटने फ्लोरिडातल्या सॉग्रासच्या नव्या मैदानावर प्लेयर्स चॅम्पियनशिप नारिंगी चेंडूनेच जिंकली, मग अमेरिकेतल्या व्यावसायिक टूरचे आयुक्त डीन बीमन आणि मैदानाचा रचनाकार पीट डाय यांना तळ्यात ढकललं आणि मागोमाग स्वतः सूर मारला. पुढची काही वर्षं नारिंगी, पिवळे, अर्धे पांढरे अर्धे रंगीत असे चेंडू भराभर निघाले.

मग लाट ओसरली. फॅशन बदलली हे खरं, पण त्या काळच्या फ्लुओरेसंट रंगात खोटही होती. हे द्रव्य ज्या अतिनील किरणांवर पेटतं, तेच किरण त्याला हळूहळू मारतात. वरच्या पारदर्शक लेपात अतिनील अडवणारा घटक घातला तर रंग टिकतो, पण थोडी चमक जाते. नाही घातला तर चमक मिळते आणि रंग लवकर विटतो. शिवाय कवच साच्यात भरताना प्लास्टिक २०० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त तापतं, तेवढी उष्णता सोसणारं द्रव्यच वापरावं लागतं. विटका नारिंगी चेंडू पांढऱ्याहून वाईट दिसतो, कारण त्याची छटा वाळक्या पानाची होते.

२००० साली टायटलिस्ट कंपनीचा प्रो व्ही१ हा चेंडू आला आणि युरेथेन या मऊ प्लास्टिकच्या पातळ कवचाचे, अनेक थरांचे चेंडू व्यावसायिकांनी उचलले. ते पांढरेच होते. रंगीत म्हणजे स्वस्त दोन थरांचा, पांढरा म्हणजे महाग, अशी वाटणी त्यामुळे आणखी पक्की झाली. ती मोडायला कोरियाच्या व्होल्व्हिक कंपनीने आणि महिला व्यावसायिकांनी मोठा हातभार लावला. २०१५ मध्ये कॅलवे कंपनीने पंचकोनी ठिपक्यांचा ट्रूव्हिस चेंडू आणला, २०१७ च्या सुरुवातीला अमेरिकी खेळाडू बब्बा वॉटसन गुलाबी व्होल्व्हिक घेऊन पुरुषांच्या टूरवर उतरला, आणि २०१९ मध्ये खुद्द प्रो व्ही१ पिवळ्या रंगात मिळू लागला.

त्याच २०१९ मध्ये नियमांत आणखी एक बदल झाला. चेंडू शोधायला मिळणारा वेळ पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आला. तेवढ्यात सापडला नाही तर एका फटक्याचा दंड आणि पुन्हा मूळ जागेवरून खेळणं. दिसण्याची किंमत आता सरळ गुणपत्रिकेवर उमटू लागली.

दिसणं म्हणजे नेमकं काय, हे इथे सुटं करून पाहायला हवं, कारण बहुतेक चुकीची खरेदी इथेच होते. चेंडू उडताना दिसणं आणि गवतात सापडणं ही दोन वेगळी कामं आहेत. ४२.६७ मिलिमीटरचा चेंडू २०० मीटरवर डोळ्याशी सुमारे पाऊण कलेचा कोन करतो. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, आणि निरोगी डोळ्याची बारकावे टिपण्याची मर्यादा साधारण एका कलेची. म्हणजे त्या अंतरावर तुम्हाला रंग दिसतच नाही, दिसतो तो पार्श्वभूमीपेक्षा उजळ किंवा गडद असा एक ठिपका. गडद झाडीसमोर पांढरा आणि पिवळा उजळ ठिपका होतात. पांढुरक्या ढगाळ आभाळासमोर मात्र तेच विरघळतात, तिथे नारिंगी किंवा लाल चेंडू गडद ठिपका म्हणून टिकतो. वीस मीटरवर कोन सात कलांच्या वर जातो, मग रंगाची छटा काम करू लागते.

गवतात शोधताना डोळ्याची संवेदनशीलता महत्त्वाची. भर उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळसर हिरव्याला, सर्वांत तीव्र प्रतिसाद देतो. अंधारलं की हा कळस निळसर हिरव्याकडे, ५०७ नॅनोमीटरकडे सरकते. याला पुर्किंये परिणाम म्हणतात. त्यामुळे तिन्हीसांजेला लाल रंग सर्वांत आधी काळवंडतो. दुपारी झगझगणारा मॅट लाल चेंडू शेवटच्या तीन होलवर गवतातल्या दगडासारखा होतो. पिवळा तोवर तग धरून असतो.

सगळ्यांचे डोळेही सारखे नसतात. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक कमी कळतो. इतर समाजांत हे प्रमाण कमी आहे, पण शून्य नाही. अशा खेळाडूसाठी हिरव्या गवतातला लाल किंवा नारिंगी चेंडू म्हणजे पैसे देऊन विकत घेतलेली अडचण. त्याने फ्लुओरेसंट पिवळा किंवा पांढराच घ्यावा.

जमिनीचाही विचार हवा. ताज्या हिरव्या गवतात पिवळा आणि नारिंगी दोन्ही चालतात. पानगळीत पिवळा, नारिंगी, लाल तिन्ही पानांत मिसळतात, तिथे झळझळीत गुलाबी सरस. पांढरी रानफुलं किंवा दहिवर असेल तर पांढरा सोडून काहीही. निळे आणि हिरवे चेंडू दिसायला गोजिरे, पण सावलीतल्या रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, निव्वळ नुकसान. चेंडू शोधायचे निळ्या काचेचे चष्मे पांढऱ्या चेंडूसाठी असतात. ते हिरवं गवत काळोखं करतात, पण पिवळ्या चेंडूचा प्रकाशही त्याच पट्ट्यातला असल्याने तोही काळोखा होतो. पिवळा चेंडू घेऊन असला चष्मा लावू नये.

कमी पैशांत घ्यायचा तर आयोनोमर कवचाचा दोन थरांचा चेंडू हाच सरळ पर्याय. तो ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, युरेथेनइतका फिरकी घेऊन थांबणार नाही, हा त्याचा खरा तोटा. रंगामुळे अंतर किंवा उड्डाण बदलत नाही, म्हणून त्याच मॉडेलच्या रंगीत आवृत्तीला जास्त पैसे मोजायचं कारण नाही. डझनाआधी तीन चेंडूंची एक डबी घ्या. तीन वेगळ्या रंगांचे चेंडू मिळाले तर उत्तम. घोट्यापर्यंतच्या गवतात, झाडाच्या सावलीत ते ठेवा, तीस पावलं मागे जा आणि एकदा दुपारी, एकदा सूर्य मावळल्यावर पाहा. जो दोन्ही वेळा आधी दिसेल तो तुमचा.

मॅट लेपाचे चेंडू उन्हात चकाकत नाहीत, म्हणून त्यांचा रंग भरीव दिसतो. पण त्या खरखरीत पृष्ठभागावर चिखल आणि गवताचे डाग धरतात, वेजचे ओरखडे लवकर उमटतात. दर होलला ओल्या फडक्याने पुसायची तयारी असेल तरच घ्यावेत. चकचकीत लेप कमी कटकटीचा.

जुने, तळ्यातून काढलेले रंगीत चेंडू सर्वांत स्वस्त मिळतात, पण तिथे दोन शब्दांत फरक करायला शिका. धुऊन प्रतवारी केलेला चेंडू मूळ लेपाचा असतो. ‘रिफिनिश्ड’ म्हणजे जुना लेप काढून नव्याने रंगवलेला. त्याच्या पृष्ठभागावरच्या बारीक खळग्यांत रंग साचून त्यांची खोली कमी झालेली असू शकते, आणि उड्डाण त्या खोलीवरच अवलंबून असतं. टवका उडून खाली वेगळाच रंग दिसला तर हा प्रकार ओळखावा. धुतलेल्या मालातही चेंडूची एक बाजू फिकी, दुसरी गडद दिसली तर तो उन्हात पडून राहिलेला आहे. नवे चेंडूही गाडीच्या काचेमागे ठेवू नयेत. एक चेंडू बंद डबीत राखून ठेवा आणि वापरातला अधूनमधून त्याच्याशेजारी धरा, म्हणजे किती विटला ते कळतं. नुसत्या आठवणीवर हा फरक लक्षात येत नाही.

रंगीत चेंडूवरही स्वतःची खूण हवीच, कारण तोच पिवळा चेंडू शेजारच्या फेअरवेवरही, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरही, असू शकतो. पिवळ्यावर काळी किंवा निळी शाई उठते, नारिंगी-गुलाबीवर काळीच, लाल शाई त्यांच्यावर बुडते. मॅट लेपावर शाई पसरते, म्हणून खूण करून मिनिटभर सुकू द्यावी. स्पर्धेत खेळत असाल तर मान्यताप्राप्त चेंडूंच्या यादीत तुमचा रंग आहे का पाहा. जिथे एकाच चेंडूचा स्थानिक नियम लागू असतो, तिथे फेरीभर यादीतल्या एकाच नोंदीचा चेंडू वापरावा लागतो, आणि यादीत रंगानुसार नोंद वेगळी असते. पिवळ्याने सुरुवात केली असेल तर पिशवीत त्याच मॉडेलचे पिवळेच पुरेसे असू द्यावेत.