जॅकजवळ कुणाचा बोल? लॉन बोल्सच्या मापांविषयी थोडी माहिती

2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताच्या महिला संघाने लॉन बोल्समध्ये सुवर्णपदक जिंकलं, तेव्हापासून या खेळाची चौकशी बेळगावातही होते. उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये एरवी कास्टिंगवरचं मशीनिंग चालतं. त्याच लेथवर या खेळात अंतर मोजायची साधनं, म्हणजे मापंही तयार होतात. ‘डिजिटल आहे का?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही, आणि लागतही नाही.

जॅक म्हणजे लक्ष्य असलेला छोटा चेंडू, आणि बोल म्हणजे त्याच्याजवळ पोचेल असा घरंगळत सोडायचा मोठा चेंडू. जॅकपासून बोल नेमका किती मिलिमीटरवर, हे इथं कुणालाच नको असतं. दोघांत जवळचा कुठला, एवढंच ठरवायचं. गोट्यांच्या डावात एकाच पोराने वीत टाकली तर वाद कमी, दोघांनी टाकली की भांडण ठरलेलं. तेव्हा माप एकच, हात एकच, ताणही तोच ठेवा.

दोरीचं माप (डबीतून ओढायची दोरी) वापरताना एक गोष्ट बहुतेकांकडून निसटते. जॅकचा व्यास सुमारे 63 मिमी, बोल जवळपास दुप्पट. म्हणजे बोलाचं केंद्र तीनेक सेंटिमीटर वर असतं. सर्वांत कमी अंतर दोन्ही केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर मिळतं, म्हणून दोरी जॅककडून बोलाकडे किंचित चढती हवी. जॅकच्या मध्यावरून ती जमिनीला समांतर नेली, तर बोलाच्या पोटाखाली टेकते आणि सात-आठ मिमी जास्त अंतर दाखवते. दोन्ही बोल एकाच मापाचे असले तर चूक सारखीच, निकाल बदलत नाही. पण प्रत्येक खेळाडू आपल्या हाताला बसेल तो बोल घेतो, आणि मग मोठा बोलवाला विनाकारण मार खातो.

सुती दोरी आपल्याकडच्या पावसाळ्यात आखडते, नायलॉन ओढली की लांबते. आम्ही पॉलिएस्टरची विणीची दोरी घालतो.

अंतर चार-पाच सेंटिमीटरच असेल तर दोरी गुंडाळून ठेवा आणि कॅलिपर घ्या. त्याचं एक टोक जॅकला ठेवून दुसरं एका बोलाला अलगद लागेल इतका स्क्रू फिरवा आणि तो न हलवता दुसऱ्या बोलाला लावून बघा. जॅकला टेकल्यासारखे दिसणारे बोल फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी तपासा. मात्र फट जमिनीलगत शोधू नका, ती जमिनीपासून चारेक सेंटिमीटर वर, जॅकच्या मध्याच्याही वर असते. पाती ढकलू नका. हिरवळीवरचा जॅक पाव किलोच्या आसपासचा, लगेच सरकतो.

कुठल्याही संघाने मागितलं तर शेवटचा बोल थांबल्यावर 30 सेकंद वाट बघावी लागते. पडायला आलेल्या बोलाला त्यानंतर पाचर लावा. ती मापाच्या पेटीत दिलेली आहे. दोन्ही बोल अगदी सारख्याच अंतरावर निघाले तर त्या एंडला (खेळाच्या एका फेरीला) कुणालाच गुण नाही, पण एंड खेळलेला धरतात.

दोरी डबीत आत जाताना अडखळली तर तेल सोडू नका, बहुतेक वेळा वाळूचा कण असतो. दोरी बदलून मिळेल, डबीसकट आणा.