प्रत काढायची, पण प्रोसेसरची झोप न मोडता

डेटाच्या तीन प्रती ठेवायची पद्धत सर्वतोमुखी झाली ती गुगलच्या फाइल सिस्टिमवरच्या २००३ सालच्या शोधनिबंधामुळे. घेमावत, गोबिऑफ आणि लियुंग यांचं गृहीतक रोखठोक होतं: स्वस्त यंत्रं हजारोंनी लावली की त्यातली काही कायम बंद पडलेली असणारच. पुढच्याच वर्षी व्हॅन रेनेस आणि श्नायडर यांनी ‘चेन रेप्लिकेशन’ (साखळीने प्रती काढणं) मांडलं. लिखाण साखळीच्या डोक्याशी येतं, एकेका यंत्रातून पुढे सरकतं आणि शेपटाशी पोचलं की ‘लिहून झालं’ असा निरोप मिळतो.

यात मधल्या यंत्राचं काम ते किती? मजकूर घ्यायचा, आपल्या लॉगमध्ये (नोंदवहीत) टाकायचा, पुढे ढकलायचा. डिस्क फिरत्या होत्या तोवर एका लिखाणाला काही मिलिसेकंद लागायचे, त्यामुळे ही हमाली प्रोसेसर करतो की आणखी कोणी, याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. फ्लॅश (फिरता भाग नसलेली चिपवरची साठवण) आला, हिशेब मायक्रोसेकंदांवर आला आणि मग खरी गोम दिसली. पॅकेट आलं की कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) कळवायचं, झोपलेली प्रोसेस (चालू प्रोग्रॅम) उठवायची आणि तिने प्रोसेसरच्या रांगेत उभं राहायचं. काम चिमूटभर, ताटकळणं मात्र पोतंभर. क्लाउडच्या एका सर्व्हरवर अनेक ग्राहकांच्या शेकडो प्रोसेस नांदत असतील, तर ही रांग मारुतीच्या शेपटासारखी वाढते. सरासरीत ती दिसत नाही; शंभरातलं जे एखादं लिखाण अडकतं, तिथे दिसते.

हे काम नेटवर्क कार्डावर सोपवायची कल्पना मात्र जुनीच. १९९०च्या दशकात मायरिनेट या वेगवान जाळ्याच्या कार्डावर प्रोग्रॅम करता येणारा छोटा प्रोसेसर होता. कॉर्नेल विद्यापीठातल्या यू-नेट या प्रकल्पाने १९९५ साली कर्नलला वळसा घालून प्रोग्रॅमला थेट कार्डाशी बोलू दिलं. तो धागा पुढे इन्फिनिबँड हे वेगवान जाळं आणि आरडीएमए हे तंत्र यांपर्यंत पोचला: समोरच्या प्रोसेसरला न विचारता त्याच्या मेमरीत थेट लिहायचं. या सगळ्याची निकड आधी महासंगणकवाल्यांना होती. पुण्याच्या सी-डॅकनेही २००८च्या ‘परम युवा’ महासंगणकासाठी परमनेट-३ हे स्वतःचं जाळं वापरलं.

विरोधही जोरदार होता. संशोधक जेफ्री मोगल यांनी २००३ साली लिहिलेल्या निबंधाचं शीर्षकच ‘टीसीपी ऑफलोड ही मूर्ख कल्पना आहे, पण आता तिची वेळ आली आहे’ अशा अर्थाचं होतं. टीसीपी ऑफलोड म्हणजे जाळ्यावरची देवघेव सांभाळणाऱ्या टीसीपीचं काम कार्डावर सोपवणं. मुख्य प्रोसेसर दर वर्षी वेगवान होतोय, कार्डावरची चिप दोन वर्षांत मागे पडणार, आणि कार्डातल्या चुका दुरुस्त करणं म्हणजे डोकेदुखी, हे आक्षेप तेव्हा बिनतोड होते. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये टीसीपी ऑफलोडला आजवर थारा मिळालेला नाही. पण प्रोसेसरची ती दौड मंदावली, जाळ्याचा वेग मात्र १० गिगाबिटवरून १००वर गेला. शिवाय क्लाउडमध्ये प्रोसेसरमधला प्रत्येक कोअर (स्वतंत्र गणनाभाग) भाड्याने देण्याचा माल झाला. घरच्या कामाला वापरलेला कोअर म्हणजे बुडालेलं भाडं. मायक्रोसॉफ्टने २०१५च्या अखेरीपासून अझ्युर या आपल्या क्लाउडच्या नव्या सर्व्हरांत एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) असलेली कार्डं बसवली, ॲमेझॉनने २०१७ साली नायट्रो हे असंच काम वेगळ्या कार्डांवर नेणारं तंत्र जाहीर केलं.

रेप्लिकेशनचा वेगळा विचार दिसतो तो २०१८च्या ‘हायपरलूप’ या संशोधनात. हे मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत चलाख पान वाटतं, कारण त्यासाठी महागडं स्मार्टनिक (स्वतःचा प्रोसेसर असलेलं नेटवर्क कार्ड) लागलंच नाही. बाजारात मिळणारं आरडीएमए कार्ड पुरलं. त्या कार्डात ‘अमुक काम पुरं होईपर्यंत थांब’ अशी एक आज्ञा असते. प्रत्येक यंत्राने पुढे पाठवायच्या आज्ञा आधीच रांगेत लावून ठेवायच्या, आणि कुठून किती मजकूर उचलायचा हा तपशील मागच्या यंत्राने दुरूनच त्या रांगेत भरायचा. मजकूर येताच अडकवलेली आज्ञा सुटते आणि लिखाण पुढे जातं. प्रोसेसर घोरत पडलेला असला तरी चालतं. ९९व्या पर्सेंटाइलचा, म्हणजे शंभरातल्या सर्वांत संथ लिखाणाचा, विलंब सुमारे ८०० पट कमी झाल्याचं संशोधकांनी नोंदवलं. आकडा गजबजलेल्या सर्व्हरवरचा आहे हे ध्यानात ठेवावं. रिकाम्या यंत्रावर एवढी तफावत कुठून येणार?

त्यातली एक बारीक अडचण उद्बोधक आहे. आरडीएमएची पोच मिळाली म्हणजे मजकूर टिकाऊ (वीज गेली तरी तो राखणाऱ्या) मेमरीत उतरला असं नाही. तो वाटेत कार्डाच्या कॅशमध्येच (तात्पुरत्या साठ्यात) असू शकतो आणि वीज गेली की गेला. म्हणून शून्य बाइटचं वाचन मुद्दाम पाठवून तो आधी खाली उतरवून घ्यावा लागला.

पुढे २०२१च्या ‘लाइनएफएस’ या रचनेने फाइल सिस्टिमचं बरंचसं काम ब्लूफील्ड या स्मार्टनिकवरच्या आर्म जातीच्या कोअरवर नेलं. ते कोअर मंद, म्हणून काम टप्प्यांत तोडून एकाच वेळी चालवलं. बदल्यात एक वेगळाच फायदा पदरात पडला: यजमान सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम कोसळली तरी कार्ड जागं राहतं आणि डेटा हाती लागतो.

दोन्ही रचनांनी टिकाऊ मेमरी हाताशी आहे असं धरलं होतं. तिचं बाजारातलं मुख्य रूप म्हणजे ऑप्टेन. इंटेलने तो धंदा २०२२ साली गुंडाळला.